नापास रिपोर्ट जातो कुठे?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा. कारण विषय तुमच्या दारातल्या साकवाचा, तुमच्या नळाच्या पाण्याचा आणि तुमच्या ताटातल्या बांगड्याचा आहे.

परवा एका वाडीतल्या साकवावर गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही एका गावाची गोष्ट नाही. साकव नवा, दोन पावसाळेसुद्धा झालेले नाहीत. कठड्यावर बोट घासलं की वाळू हाताला लागते. खालच्या बाजूने गंजाचे तांबूस ओघळ. बातमीसाठी कागद मागितले. साहेबांनी कसलीही खळखळ न करता फाइल पुढे केली. त्यात काँक्रीटच्या क्यूबचा टेस्ट रिपोर्ट. शिक्का, सही, लॅबचं नाव, सगळं जागच्या जागी. निकाल: पास.

बाजूला एक आजोबा उभे होते. त्यांनी कागदाकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं आणि विचारलं, "रिपोर्ट पास आसा मा? मगे कठडो कित्या झडता?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. पत्रकार म्हणून नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करण्याआधी मी स्वतः नवी मुंबईतल्या एका टेस्टिंग कंपनीत चौदा महिने काढले आहेत. हे मी आजवर फारसं कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितो.

२००३ ची गोष्ट. बीएस्सी केमिस्ट्री झालेला कोकणातला पोरगा. गावात नोकरी नाही. ओळखीच्या एकाने चिकटवलं. कंपनीचं काम काय, तर लोक आपला माल तपासायला पाठवणार आणि आम्ही रिपोर्ट देणार. हळद, मिरची पूड, बिस्किटं, जनावरांचं खाद्य, पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, काय वाटेल ते. मला वाटलं, आपण म्हणजे आता न्यायाधीशच. भेसळ पकडणार, खोटं उघडं पाडणार.

प्रत्यक्षात सकाळी नऊला टेबलावर नमुन्यांची रांग लागलेली असायची. प्रत्येकावर कंपनीच्या नावाऐवजी कोड नंबर. चांगली पद्धत आहे ती, तपासणाऱ्याला माल कुणाचा ते कळू नये म्हणून. पण दुपारपर्यंत मार्केटिंगवाले स्वतःच येऊन सांगायचे, "तो अमुक नंबर आपल्या जुन्या पार्टीचा आहे, जरा लवकर काढ." झाली गुप्तता. दिवसभर वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशाला सुकवा, भट्टीत राख करा, अॅसिडमध्ये उकळा, आकडे लिहा. वाफा ओढणारा पंखा महिन्यातले दहा दिवस बंद. संध्याकाळी शर्टाला बारीक भोकं पडलेली दिसायची आणि घसा खवखवत असायचा. कामाचा कंटाळा नव्हता हो. नीट केलेल्या टेस्टचे दोन आकडे जुळले की जो आनंद होतो तो मला अजून आठवतो. खुपायचं ते वेगळंच काहीतरी.

एकदा वीस लिटरच्या जारचं पाणी आलं. पिण्याच्या पाण्याचं मानक साधं आहे: शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय नावाचा जंतू एकही सापडता कामा नये. तो सापडला तर पाण्यात विष्ठेचा अंश आहे असं समजायचं. जंतूंच्या टेस्टला घाई चालत नाही. नमुना उबवणीत ठेवून एक-दोन दिवस थांबावंच लागतं. आमच्या मायक्रोबायोलॉजीतल्या मुलीने थांबून बघितलं. जंतू सापडला. तिने वहीत नोंद केली. वरून फोन गेला, पार्टीला कळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच पार्टीकडून "नवीन नमुना" आला. तो पास. छापला गेला तो दुसरा रिपोर्ट. पहिला कधी टाइपच झाला नाही.

मी सरांना विचारलं, "सर, पहिल्याचं काय?" सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अरे, त्यांनी दिला तो नमुना आपण तपासला. रिपोर्टवर खाली काय लिहिलंय वाच."

रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात असायचं: हा निकाल फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे. आजही जवळजवळ प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर अशी ओळ असते. ती खोटी नाही. उलट अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात खरी ओळ तीच. पण ती वाचतो कोण? त्या जारवाल्याने तो कागद लॅमिनेट करून दुकानात टांगला असणार. लग्नाच्या मांडवात त्या जारचं पाणी पिणाऱ्याने तो लांबून बघितला असणार. "लॅब टेस्टेड."

मी गप्प बसलो, हेही लिहून टाकतो. नोकरीची गरज होती. पुढे काही महिन्यांनी सोडली, पण तेव्हा कुठे ओरडलो नाही. म्हणून आज दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटं माझ्याकडे आहेत याची मला कल्पना आहे.

यावर कुणी म्हणेल, वीस वर्षांपूर्वीचं सोडा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. खरं आहे. बऱ्याच गोष्टी सुधारल्या आहेत. प्रयोगशाळांना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था आहे, तिचे आंतरराष्ट्रीय धर्तीचे नियम आहेत, ऑडिट आहे, नोंदी पुसता येऊ नयेत अशी सॉफ्टवेअरं आहेत. चांगल्या लॅब आहेत, तिथे जीव तोडून काम करणारी माणसं आहेत. पण आपल्या कुडाळकडची एक मुलगी सध्या अशाच एका कंपनीत आहे. कंत्राटावर. तिच्याशी अधूनमधून बोलणं होतं. परवा म्हणाली, "दादा, नापास केलंय तर माजाच काम परत तपासूक लावतत. पास केलंय तर कोण इचारीत नाय."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. टेस्टिंग कंपनीत काम करणं म्हणजे काय, ते यात सगळं आलं.

नापास आला की शंका माणसावर. द्रावण नीट केलंस का, मशीन नीट लावलंस का, परत कर, दुसऱ्याकडून करून घे. हे चुकीचं नाही, खात्री करायलाच हवी. पण पास आलेला आकडा चुकीचा असू शकतो, ही शंका कुणालाच येत नाही. त्याची फेरतपासणी नाही, त्याच्यासाठी रात्री थांबायला कुणी सांगत नाही. दिवसाला इतके नमुने हातावेगळे करायचेत, रिपोर्ट अमुक तारखेला जायलाच हवा, आणि पगार असा की खोलीचं भाडं आणि डबा वजा जाता घरी पाठवायला हजार-दोन हजार उरतात. अशा ठिकाणी बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला कुणी "पास कर" असं सांगावं लागत नाही. ती आपोआप शिकते. मी शिकलोच की.

आणि मुळात पैसे कोण देतो? ज्याचा माल तपासायचा तो. लॅब कोण निवडतो? तोच. नमुना कोण काढून देतो? बहुतेक वेळा तोच. म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच परीक्षक नेमायचा, त्याची फी भरायची आणि पेपरही घरून लिहून आणायचा. मग निकाल शंभर टक्के लागला तर आश्चर्य कसलं?

आता परत त्या साकवावर या.

काँक्रीटची टेस्ट कशी होते, ते आपल्यापैकी बांधकामावर राबलेल्या कुणालाही विचारा. काम चालू असताना ओतायच्या मालातूनच १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरायचे. एका नमुन्याचे तीन. पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी मशीनवर दाबून फोडायचे. किती जोर लागला त्यावरून काँक्रीटची ताकद ठरते. पद्धत उत्तम आहे. फक्त एकच अट आहे: जो माल साकवात गेला तोच क्यूबमध्ये गेला पाहिजे. क्यूबसाठी सिमेंटची वेगळी मूठ पडते, हे साइटवरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. लॅबमधल्या माणसाने क्यूब इमानदारीत फोडला, इमानदारीत आकडा लिहिला. तो क्यूब खरंच पास होता. फक्त तो साकव नव्हता.

त्यात आपला किनारा. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक आहे, २००० सालचं. त्यात किनारपट्टीची हवा "तीव्र" गटात मोडते. तिथे लोखंड घातलेल्या काँक्रीटला निदान एम-३० ग्रेड आणि सळीवर ४५ मिलिमीटरचं आवरण लागतं. लाटेचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-३५. का, ते मालवणच्या माणसाला पुस्तकातून शिकवायला नको. आपल्याकडे दाराची कडी, खिडकीचे गज, गाडीचा सायलेन्सर किती टिकतो ते आपण बघतोच. लॅबमध्ये गंज तपासायला एक बंद पेटी असते. तिच्यात पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशाला सतत मारत ठेवतात आणि वस्तू किती तासांत गंजते ते बघतात. त्या पेटीला लाखो रुपये लागतात. आपण त्याच पेटीत जन्मापासून राहतो, फुकट!

म्हणूनच राजकोटचं दुःख जास्त आहे. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण सांगितलं. आणि पडायच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, इथल्या सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र लिहून नटबोल्ट गंजत असल्याचं कळवलेलं होतं. गुन्हा कुणाचा, ते ठरवणं न्यायालयाचं काम. मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. गंज दिसला, कागदावर लिहिला गेला, म्हणजे कुणीतरी आपलं काम केलं होतं. तो एक प्रकारचा नापास रिपोर्टच होता. तो वेळेत कुणाच्या कानात शिरला नाही. नापास रिपोर्टचं आपल्याकडे हेच होतं. एक तर तो छापला जात नाही, नाहीतर छापून फाइलीत झोपतो.

मासळीचं घ्या. १२ जुलै २०१८ ची पहाट. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यातून आलेली मासळी तपासली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बनवलेलं साधं किट आहे, कागदाची पट्टी माशावर घासायची, रंग बदलतो. काही नमुन्यांत फॉर्मेलिन दाखवलं. त्याच दिवशी लॅबचं म्हणणं आलं की प्रमाण मर्यादेत आहे. आता शास्त्र सांगतो: मेलेल्या माशात थोडं फॉर्मॅल्डिहाइड आपसूक तयार होतं, त्यामुळे पट्टीचा रंग म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे खरंच आहे. पण मग सकाळचा निकाल काय होता, संध्याकाळचा काय होता, कुठल्या नमुन्याचा होता, हे आकड्यांसकट लोकांपुढे ठेवायला हवं होतं. ते नीट ठेवलं गेलं नाही. लोकांचा विश्वास उडाला. मग बाहेरच्या मासळीवर बंदी आली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा निर्बंध आले: इन्सुलेटेड गाडी हवी, नोंदणी हवी. आणि मार कुणाला बसला? मालवण-वेंगुर्ल्याहून सकाळची ताजी मासळी बर्फात घालून टेम्पोने गोव्यात नेणाऱ्या आपल्या माणसांना. ज्यांच्या माशाला फॉर्मेलिनची गरजच नाही, कारण तो काही तासांपूर्वी पाण्यात होता! पण आपल्या हातात "आमचा मासा स्वच्छ आहे" असं सांगणारा एक कागद नव्हता.

म्हणजे बघा, तपासणीचा कागद खोटा असला तरी मरण आपलं आणि नसला तरी मरण आपलंच.

आंब्याला हे कळून चुकलं आहे. युरोपीय महासंघाने १ मे २०१४ पासून आपल्या हापूसवर बंदी घातली होती, पेट्यांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. आपण आधी चिडलो, मग कामाला लागलो. प्रक्रिया आणि तपासणी सुधारली आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचा निर्णय झाला. तपासणी कडक झाल्याने हापूस मेला नाही, उलट टिकला. अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण केल्याशिवाय जातच नाही. तिकडे जाणाऱ्या कोळंबीत बंदी असलेल्या अँटिबायोटिकचा अंश सापडला तर अख्खी खेप परत येते. म्हणजे तपासणी आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. गोऱ्या साहेबाच्या ताटासाठी आपण उत्तम करतो. फक्त आपल्या ताटाची वेळ आली की "चलता है".

आणि "चलता है"ची किंमत माणसं मोजतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदी आणि तपासणीची लक्तरं वेशीवर टांगली. आपल्याला वाटलं, धडा मिळाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. विष कुठलं? तेच. डायइथिलीन ग्लायकॉल. औषधात ४८.६ टक्के. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष, तीच चूक.

पण त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ते औषध तामिळनाडूत बनलेलं. तिथल्या सरकारी यंत्रणेला कळवल्यावर त्यांनी सणाच्या सुट्टीत कारखान्यात जाऊन नमुने काढले आणि साधारण चोवीस तासांत लॅबने निकाल दिला. सुट्टी सोडून त्या मशीनवर बसलेली माणसं कोण होती, कुणाला माहीत नाही. पेपरात त्यांचे फोटो आले नाहीत. त्या एका रिपोर्टमुळे देशभर बाटल्या मागे घेतल्या गेल्या. किती पोरं वाचली असतील याचा हिशोब कधीच लागणार नाही. लक्षात घ्या, त्यांनी नमुना स्वतः काढला होता. कारखान्याने पाठवलेली बाटली तपासली नव्हती. फरक तिथे पडला.

लॅबच्या कामाला म्हणूनच मी शिव्या घालत नाही. हे काम पोलिसाच्या, डॉक्टरच्या तोडीचं आहे. माझी तक्रार ही आहे की आपण ते काम हमालासारखं करून घेतो, भाव करून, घाई करून, आणि वर पैसे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडून. दुधात प्रोटीन किती ते नायट्रोजन मोजून काढतात. चीनमध्ये २००८ साली भामट्यांनी पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन टाकलं, कारण त्यात नायट्रोजन भरपूर. टेस्ट पास, दूध विषारी, लाखो बाळं आजारी. आकडा बरोबरच होता! आकड्यापलीकडे बघायला वेळ, अक्कल आणि अधिकार असलेला माणूस लागतो. दिवसाला चाळीस नमुने उपसणाऱ्या कंत्राटी पोरीकडून ती अपेक्षा ठेवायची असेल तर तिला नोकरीची शाश्वती द्या, मास्क द्या, चालू पंखा द्या आणि "नाही" म्हणायचा हक्क द्या.

आता आपण काय करायचं? नुसतं हळहळून उपयोग नाही. काही गोष्टी उद्यापासून करता येतात.

एक. माहितीचा अधिकार कायदा, २००५. आपल्याला वाटतं तो फक्त कागद मागायचा कायदा आहे. त्यातलं कलम २ (ञ), म्हणजे इंग्रजीतलं २ (जे), काढून वाचा. सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. रिपोर्ट मागू नका, साहित्याचा नमुना मागा. फरक पडेल.

दोन. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० ग्राहकालाही अन्नाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ देतं. घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं, फी भरायची. माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. आपल्या किती जणांनी हे कधी वापरलं?

तीन. पाणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण? किट उघडलंय की ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे? पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा. आणि ज्या बाई तपासतात त्यांनी "पाणी खराब आहे" असं सांगितलं तर त्यांच्यावर डाफरू नका. सरपंचांनो, हे तुम्हाला सांगतोय. त्या तुमची अब्रू घालवत नाहीत, गावातल्या पोरांची जुलाबातून सुटका करतायत.

चार. साकव, जेटी, शाळेची खोली, काहीही असो, ज्या दिवशी स्लॅब पडते त्या दिवशी वाडीतली चार माणसं तिथे हजर पाहिजेत. क्यूब त्यांच्यासमोर भरायचा, त्यावर तारीख आणि सह्या ओल्या काँक्रीटमध्येच कोरायच्या. मोबाइलवर व्हिडिओ. २८ दिवसांनी निकाल लॅबच्या नावासकट ग्रामपंचायतीच्या फलकावर. याला पैसे लागत नाहीत. फक्त एक दिवसाची खोटी होते.

पाच, आणि ही मागणी सरकारकडे. टेस्टिंगची फी ठेकेदाराने किंवा मालवाल्याने लॅबला थेट देणं बंद करा. पैसे एका निधीत जमा होऊ देत, लॅब चिठ्ठी टाकून ठरू दे, नमुना तिसऱ्याने काढू दे. आणि नापास झालेला प्रत्येक निकाल नोंदवणं सक्तीचं करा, नंतर दहा नमुने पास झाले तरी. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर मच्छीमार सोसायट्यांच्या हातात मासळी तपासायची किटं आणि प्रशिक्षित माणूस द्या. बीएस्सी झालेली आमची पोरं-पोरी तुर्भे, महापे आणि वेर्णा इथे खोल्या शोधत फिरतात. त्यांना इथेच हे काम मिळेल, आणि त्यांच्या गावाचं पाणी, मासा, आंबा तेच तपासतील. आपल्या आईला पाजायचं पाणी माणूस घाईत पास करत नाही.

काही जण म्हणतील, अशाने कामं अडतील, ठेकेदार येणार नाहीत, पर्यटक घाबरतील. पर्यटक तपासणीने घाबरत नाहीत, उलट्या झाल्यावर घाबरतात. आणि जो ठेकेदार चार माणसांसमोर क्यूब भरायला घाबरतो तो न आलेलाच बरा.

त्या आजोबांना मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. "बघतंय काय ता" म्हणून गाडी सुरू केली. आता देतो. आजोबा, रिपोर्ट खोटो नाय. तो दुसऱ्याच कसल्यातरी ठोकळ्याचो आसा. तुमच्या साकवाचो रिपोर्ट अजून कोणी काढलोच नाय.

तो काढायला मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, साहित्याच्या नमुन्यासाठी. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन, पास असो की नापास. तुमच्या वाडीत असं काही काम चालू असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि फोटो टाका. आणि लॅबमध्ये काम करणारं आपल्यातलं कुणी हे वाचत असेल तर इनबॉक्समध्ये बोला. नाव कुठे येणार नाही. मी तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून सांगतोय.